प्रार्थना करा म्हणतात सगळे, कशी ते कोणी दाखवत नाही

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागे तुमच्या पत्रांच्या पानावर एका वाचकांनी लिहिलं होतं की ख्रिस्ती घरांतून रोजची प्रार्थना आणि बायबलवाचन बंद पडत चाललंय, लोक आळशी झालेत, मोबाईलमधून मान वर करत नाहीत. ते पत्र मी दोनदा वाचलं आणि बराच वेळ मनातून जाईना, कारण ज्यांच्याबद्दल त्यांनी लिहिलंय त्यात मी पण होते, एकदोन नाही चांगली सतरा-अठरा वर्षं, आणि मी आळशी नव्हते हो. माझी मनापासून इच्छा होती. दरवर्षी १ जानेवारीला ठरवायचे आणि दरवर्षी ते मोडायचं. म्हणून म्हटलं यावर जरा सविस्तर लिहावं, लांबलं तर कात्री लावा पण मुद्दा ठेवा.

माझं म्हणणं असं की लोकांची इच्छा मेलेली नाहीये. लहानपणापासून आपल्याला "रोज प्रार्थना करा, रोज वचन वाचा" हे हजार वेळा ऐकवलं जातं, संडे स्कूलमध्ये, उपदेशात, घरात, पण शेजारी बसवून "हे बघ, इथं उघडायचं, एवढंच वाचायचं, मग असं थांबायचं, आणि एखादा दिवस चुकला तर उद्या असं परत यायचं" हे कोणी दाखवत नाही. काठावर उभं राहून नुसतं "पोह, पोह" म्हणून ओरडण्यासारखं झालं ते.

माझंच सांगते. मी दरवर्षी एका वर्षात पूर्ण बायबल वाचायचा तक्ता घ्यायचे. आमच्या प्रोटेस्टंट बायबलात ६६ पुस्तकं, ११८९ अध्याय, म्हणजे रोजचे तीन आणि कधी चार. पहिलं पुस्तक उत्पत्ती मजेत जायचं, योसेफाची गोष्ट तर संपू नये वाटायची, दुसऱ्या पुस्तकाचा, निर्गमाचा, पहिला अर्धा भागही छान, आणि मग निवासमंडपाची, म्हणजे देवाच्या तंबूची, मापं सुरू व्हायची, इतके हात लांब, इतके हात रुंद, आणि जानेवारी संपता संपता लेवीय, यज्ञांच्या नियमांचं पुस्तक. तिथं एक दिवस चुकायचा. काहीतरी आजारपण, पाहुणे, ऑफिसचं काम. दुसऱ्या दिवशी तीनाचे सहा अध्याय व्हायचे, मग नऊ, मग आठवडाभराने वीसच्या वर थकबाकी, आणि मग त्या तक्त्याकडे बघायची पण भीती वाटायला लागायची. उधारी झालेल्या दुकानासमोरून आपण मान खाली घालून जातो ना तशी मी त्या बायबलच्या समोरून जायचे. देवाशी बोलायला जे हातात घेतलं होतं त्याचंच ओझं झालं होतं, आणि हे मी कोणाला सांगू शकत नव्हते कारण मंडळीत सगळे विचारणार "शांत वेळ (रोजचं वाचन आणि प्रार्थना) होतेय ना?" आणि आपण म्हणणार "हो हो, प्रभूची कृपा."

(तक्ते वाईट असतात असं मी म्हणत नाहीये. रॉबर्ट मरे मॅकशेन नावाच्या स्कॉटलंडच्या तरुण पाळकांनी १८४२ मध्ये आपल्या मंडळीसाठी असाच एक तक्ता केला होता, वर्षात जुना करार एकदा आणि नवा करार व स्तोत्रं दोनदा, आणि लोक तो आजही वापरतात. ज्यांना जमतं त्यांना जमतं. पण जो माणूस आज शून्यावर आहे त्याच्या हातात पहिल्याच दिवशी तो देणं म्हणजे त्याला हरवणंच आहे.)

मला बाहेर काढलं ते निर्गमाच्या १६व्या अध्यायानं, तोही मी आधी कितीतरी वेळा वाचलेला. रानात इस्राएली लोकांसाठी मान्ना, म्हणजे देवानं दिलेलं अन्न, पडतो तेव्हा देव सांगतो की रोज त्या त्या दिवसापुरतंच गोळा करा. काहींनी ऐकलं नाही, सकाळपर्यंत साठवून ठेवलं तर त्यात किडे पडले आणि घाण सुटली. फक्त सहाव्या दिवशी दुप्पट, कारण सातवा विसाव्याचा. हे वाचताना एकदम लक्षात आलं की मी इतकी वर्षं शिळ्या मान्न्याचा हिशोब करत बसलेय. कालचे तीन अध्याय आजच्या माथी मारायचे असं देवानं कुठंच सांगितलेलं नाही. प्रभूच्या प्रार्थनेत सुद्धा "आमची रोजची भाकर आज आम्हांला दे" एवढंच आहे, महिन्याभराची एकदम मागितलेली नाही. त्या दिवशी मी तक्ता फाडला नाही, जपून ठेवला, पण चुकलेले दिवस भरून काढायचं कायमचं बंद केलं. जो दिवस गेला तो गेला, आज आजचं.

मग मी मार्कचं शुभवर्तमान घेतलं. १६ अध्याय, चार शुभवर्तमानांत सगळ्यात छोटं. रोज अध्याय पण नाही, एक प्रसंग. कधी पाच वचनं कधी दहा. पहिल्यांदा मोठ्यानं वाचायचं, मग हळू, मग जिथं मन अडकलं तेवढंच एक वाक्य वहीत हातानं लिहायचं, आणि त्याच वाक्यावरून दोन-चार वाक्यं देवाशी बोलायचं. आमेन. सुरुवातीला यात सहा-सात मिनिटं जायची आणि मला अपराधी वाटायचं की एवढंच? पण आधीची सतरा वर्षं अर्धा तास ठरवून शून्य मिनिटं होत होती, त्यापेक्षा सात खरी मिनिटं केव्हाही बरी.

एक उदाहरण देते म्हणजे मी काय म्हणतेय ते कळेल. मार्क १० मध्ये शेवटी बार्तीमयाची गोष्ट आहे, ४६ ते ५२, सातच वचनं. आंधळा भिकारी वाटेच्या कडेला बसलाय, ओरडतोय, लोक त्याला गप्प करतायत, तो जास्तच ओरडतोय. येशू थांबतो, बोलावतो, आणि हा आपलं वस्त्र टाकून उठतो. या वस्त्राजवळ मी दोन दिवस थांबले. आंधळा माणूस आपली वस्तू कधी लांब टाकत नाही, हाताशी ठेवतो, कारण परत सापडणार कशी? त्यानं टाकलं. म्हणजे परत इथं येऊन बसायचंच नाही असं त्यानं डोळे मिळायच्या आधीच धरलं होतं की काय, असं मला वाटलं, हा माझा अंदाज आहे, पाळक लोकांनी रागावू नये. तिसऱ्या दिवशी येशूच्या प्रश्नावर आले, "मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे?" आणि एकदम वाटलं की हा प्रश्न मी आत्ताच कुठंतरी वाचलाय. पान मागे केलं तर त्याच अध्यायात ३६व्या वचनात, याकोब आणि योहान हे शिष्य येऊन म्हणतात आमचं एक मागणं आहे, तेव्हा येशू त्यांना अगदी हेच विचारतो! त्या दोघांनी मागितल्या उजव्या-डाव्या हाताच्या जागा. भिकाऱ्यानं मागितली दृष्टी. एकाच अध्यायात, पंधरा वचनांच्या अंतरावर. मी हा अध्याय आयुष्यात वीस वेळा तरी वाचला असेल आणि मला कधी दिसलं नव्हतं, कारण मी तक्त्यावर टिक करायला पळत होते. चौथ्या दिवशी तो प्रश्न मी स्वतःलाच विचारून घेतला आणि खरं सांगते मला उत्तर देता आलं नाही, नुसती बसून राहिले. ती माझी त्या वर्षातली सगळ्यात खरी प्रार्थना होती.

मनन म्हणजे हेच असावं असं आता मला वाटतं. यहोशवा १:८ मध्ये आणि पहिल्या स्तोत्रात "रात्रंदिवस मनन" असं आहे, तिथं मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ हळू आवाजात पुटपुटणं असा आहे, तोच शब्द यशया ३१ मध्ये सिंहाच्या गुरगुरण्याला वापरलाय आणि यशया ३८ मध्ये पारव्याच्या घुमण्याला. डोळे मिटून डोकं रिकामं करणं नाही, तोंडात घोळवणं. जुन्या मठांतले लोक असंच वाचायचे. बाराव्या शतकात ग्विगो नावाच्या मठाधिपतींनी त्याच्या चार पायऱ्या लिहून ठेवल्यात, वाचन, मनन, प्रार्थना आणि मग नुसतं देवासमोर राहणं, आणि कॅथलिक मंडळीत हे आजही शिकवतात. आपण प्रोटेस्टंट लोक हे आपलं नाही म्हणून सोडून देतो, सोडू नये असं माझं मत आहे.

आणि प्रोटेस्टंटांना आपल्याच घरातलं उदाहरण हवं असेल तर प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणारे मार्टिन ल्यूथर. त्यांच्या न्हाव्यानं, पीटर त्याचं नाव, त्यांना विचारलं की प्रार्थना कशी करायची, आणि या एवढ्या मोठ्या विद्वान माणसानं त्याला १५३५ मध्ये साध्या भाषेत पत्रासारखं लिहून दिलं. मला हे फार आवडतं. "कर" म्हणून सोडलं नाही, कसं ते दाखवलं. त्यात ते आधी स्वतःचंच सांगतात की कामाच्या रगाड्यात माझंही मन कधीकधी प्रार्थनेला थंड पडतं, मग मी माझं स्तोत्रांचं छोटं पुस्तक घेऊन खोलीत जातो आणि लहान मुलं म्हणतात तसं दहा आज्ञा वगैरे म्हणायला लागतो. पुढे बजावतात की "थांब, तासाभराने करू, आधी एवढं काम होऊ दे" या विचाराला फसू नकोस. मग पद्धत, प्रत्येक आज्ञेची चार पदरी माळ करायची, यातून मला शिकवण काय, आभार कशाचे, कबुली कशाची, आणि मागणं काय. हे कोणत्याही वचनाला लागू पडतं, मी करून बघितलंय. आणि न्हाव्याला त्याच्याच धंद्यातलं उदाहरण दिलंय, की चांगला न्हावी हजामत करताना लक्ष वस्तऱ्यावर आणि केसांवर ठेवतो, इकडेतिकडे गप्पा मारत बसला तर नाकच कापेल, मग प्रार्थनेला तर किती लक्ष पाहिजे. शेवटी अजून एक गोष्ट सांगितलीय, मध्येच आत्मा काही सुचवायला लागला तर बाकीचं ठरवलेलं सगळं सोड आणि ऐक. पद्धत हवी, पण पद्धतीची गुलामी नको.

आता लक्ष उडतं त्याचं काय, सगळे हेच विचारतात. माझंही उडतं. बसल्या बसल्या आठवतं की गॅसचं बुकिंग राहिलं, अमक्याला फोन करायचाय. पूर्वी मी स्वतःवर चिडायचे. आता शेजारी एक कोरा कागद ठेवते, आठवलं की दोन शब्द लिहिते आणि परत वचनावर येते. काही वेळा त्या कागदावरचीच गोष्ट प्रार्थनेत येते, ज्याला फोन करायचा होता त्याच्यासाठीच प्रार्थना करायची, असं केलं की ते अडथळ्यासारखं वाटत नाही. आणि छापील बायबल घ्या. ॲपमध्ये वाचू नका असं नाही, प्रवासात मी पण वाचते, पण रोजच्या बसण्याला छापील, कारण फोन हातात घेतला की वचन उघडायच्या आधी तीन नोटिफिकेशन उघडलेली असतात. त्या ॲपमधले सलग किती दिवस झाले ते दाखवणारे आकडे तर मला मुळीच आवडत नाहीत, १२० दिवस झाले आणि एक दिवस चुकला की शून्य! देव असा हिशोब ठेवत असता तर आपलं कोणाचंच धड झालं नसतं.

एक दिवस चुकल्यानं सवय मोडत नाही हे नुसतं मी म्हणत नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये सवय कशी लागते यावर ९६ जणांना घेऊन एक अभ्यास झाला होता, तो २०१० मध्ये छापून आला. खाणंपिणं, व्यायाम अशा साध्या सवयी होत्या, प्रार्थनेचा अभ्यास नव्हता तो, पण त्यात दिसलं की सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतात, कोणाला १८ तर कोणाला २५४ पर्यंत, आणि मध्ये एखादा दिवस चुकला तर विशेष फरक पडत नाही. २१ दिवसांत सवय लागते असं जे सगळीकडे सांगतात त्यावर जाऊन लोक बाविसाव्या दिवशी निराश होतात. त्या अभ्यासातला अजून एक मुद्दा मला कामाचा वाटला, नवी सवय रोज होणाऱ्या एखाद्या गोष्टीला जोडायची. मी दात घासले की खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसते, बायबल आणि वही तिथंच असते, रात्रीच उघडून खूण घालून ठेवते. सकाळी "आज कुठून वाचू" हा प्रश्नच ठेवायचा नाही, अर्धी माणसं तिथंच गळतात.

सकाळच पाहिजे का? मार्क १:३५ मध्ये येशू मोठ्या पहाटे उठून एकांतात जाऊन प्रार्थना करतो हे सगळे सांगतात, पण आदल्या संध्याकाळी काय झालं ते पण वाचा, सगळं गाव दाराशी जमलं होतं, आजारी माणसांची रांग लागली होती. तेवढ्या धावपळीच्या रात्रीनंतरची ती पहाट आहे, आणि तिथंही शिष्य शोधत येतातच की सगळे तुम्हाला शोधतायत. म्हणजे निवांत वेळ त्यालाही मिळाला नाही, त्यानं काढला. पण दानीएल दिवसातून तीनदा गुडघे टेकायचा, ५५व्या स्तोत्रात संध्याकाळ, सकाळ आणि दुपार आहे, पहिल्या शतकांतल्या मंडळीच्या शिकवणीत प्रभूची प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणावी असं आहे. नाईट ड्युटीवाल्यानं, तान्हं बाळ असलेल्या आईनं सकाळी पाचला उठता येत नाही म्हणून स्वतःला कमी समजू नये. तान्ह्या बाळाच्या आईला तर मी म्हणेन एकच वचन पाठ करा आणि बाळाला थोपटताना म्हणा, ते पूर्ण मनन आहे.

रात्रीचं पण थोडं सांगते. झोपायच्या आधी दिवस मागे वळून बघायचा, इग्नेशियस लोयोला यांनी सोळाव्या शतकात हे शिकवलं. आज कशाबद्दल आभार, कुठं देव जवळ वाटला, कुठं मी चुकले, कोणाला टाकून बोलले, त्याची क्षमा, आणि उद्यासाठी मदत. पाच मिनिटं. सकाळचं वचन दिवसभरात कुठं गेलं ते तेव्हा कळतं, बहुतेक वेळा सकाळी दहालाच हरवलेलं असतं, पण कधीतरी दुपारी कोणावर तरी चिडता चिडता आठवलेलं पण असतं.

आणि काही दिवस असे येतात की तोंडातून शब्दच फुटत नाही. माझे वडील गेले तेव्हा दोन महिने मला स्वतःची अशी प्रार्थना करता आली नाही, खुर्चीत बसायचे आणि नुसती बघत राहायचे. आम्हाला शिकवलेलं असतं की प्रार्थना मनातून उत्स्फूर्त आली पाहिजे, वाचून केली तर ती खरी नाही. त्या दोन महिन्यांत मला स्तोत्रांनी धरलं. १५० स्तोत्रं आहेत आणि त्यात रडण्याची, भांडण्याची, "हे परमेश्वरा, कुठपर्यंत?" म्हणून विचारण्याची कितीतरी. ८८वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी काही बरं झालं असं लिहिलेलंच नाही, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे, तरी त्याची सुरुवात "हे परमेश्वरा" अशी हाक मारूनच आहे. मी ते रोज वाचायचे, तीच माझी प्रार्थना. दुसऱ्याचे शब्द उसने घेतले म्हणून प्रार्थना खोटी होत नाही. येशूनं वधस्तंभावर २२व्या स्तोत्राचेच शब्द घेतले. तेव्हापासून कोणी मला म्हणालं की "मला प्रार्थना येत नाही" तर मी त्यांना स्तोत्रसंहिता उघडून देते, आणि तेही जमत नसेल तर येशूच्या दाखल्यातल्या जकातदाराची प्रार्थना, "हे देवा, मज पाप्यावर दया कर." येशूनंच सांगितलंय की तो माणूस नीतिमान ठरून घरी गेला.

पंडिता रमाबाईंनी आयुष्याची कितीतरी वर्षं मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या मराठीत बायबल आणायला घालवली, साध्या बायकांना सुद्धा स्वतः वाचून कळावं म्हणून. ते कपाटात कव्हर घालून ठेवायला नक्कीच नव्हतं.

आता संपादक साहेब, तुमच्याकडे एक मागणं आहे. तुम्ही कधीकधी सुविचाराच्या चौकटीत बायबलचं वाक्य छापता, चांगलंच आहे, पण खाली नुसतं "बायबल" लिहिता. कृपा करून पुस्तक, अध्याय आणि वचन छापा. मध्ये तुम्ही यिर्मयाचं ते प्रसिद्ध वाक्य दिलं होतं, देवाचे आपल्याविषयीचे हिताचे संकल्प आणि आशा. ते २९:११ आहे. पण त्याच्या एकच वचन आधी, १० मध्ये, देव सांगतो की बाबेलात सत्तर वर्षं जावी लागतील, आणि ५ मध्ये सांगतो की तोवर तिथंच घरं बांधा, बाग लावा, तिचं फळ खा. घरापासून तोडून नेलेल्या माणसांना लिहिलेलं पत्र आहे ते. नुसती चौकट वाचणाऱ्याला वाटतं उद्याच सगळं चांगलं होणार, आणि उद्या झालं नाही की तो वचनावरच नाराज होतो. खाली "यिर्मया २९:११" एवढं जरी आलं तरी दहातला एखादा वाचक रात्री कपाटातून बायबल काढून ते पान शोधेल, वरचं दहावं वचन त्याला दिसेलच, आणि माझी खात्री आहे की तो थोडा वेळ तरी तिथं थांबेल.

आपली,
एक नियमित वाचक